अंगठ्याचं पेर

शून्य. ब्रेंडाने टेबलावरून फोन माझ्याकडे सरकवला तेव्हा तिच्या नखाखाली साल्मी होतं, माझं गाव, आणि त्याच्या चौकोनात दोन आकडे होते. रिपब्लिकन एकाहत्तर, डेमोक्रॅट शून्य. निवडणूक होऊन आठवडा झाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात सगळ्यांना हाच एक खेळ सापडला होता. नकाशात आपापलं गाव शोधायचं, लाल की निळं ते बघायचं आणि एकमेकांना टोमणे मारायचे. मिनियापोलिसमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आमच्या टेबलांवर तयार होतं, त्यामुळे आमचे हात दिवसभर गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. ब्रेंडा म्हणाली, "एकसुद्धा नाही गं? औषधालासुद्धा?" सगळे हसले. मीही हसले असेन. हातातला सूपचा चमचा मी परत वाडग्यात ठेवला, कारण पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते असं, की बाबा गेले. ते वेडगळपणाचं होतं हे लगेच कळलं. रविवारीच फोनवर बोलणं झालं होतं. थंडी पडलीय, सरपण भरून झालंय, शेजारच्या डेल्मरने हरणाची तंगडी आणून दिलीय, असं सगळं ते सांगत होते. मत दिलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दिलं की. दर वेळी देतो तेच." माणूस धडधाकट होता, मत देऊन आला होता, आणि साल्मीत शून्य होतं.

साल्मीत मत गुप्त नसतं. कागदोपत्री असतं, पण मतदान संपल्यावर डेल्मरची बायको कोरीन यंत्रातून निघालेली पट्टी गावच्या हॉलमध्ये उभी राहून मोठ्याने वाचते, आणि ती ऐकायला लोक कॉफी पीत, ब्लूबेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ खात थांबलेले असतात. एवढ्याशा गावात आकडा वाचला की माणूस दिसतो. गेल्या खेपेला तिने "एक" वाचलं तेव्हा कुणी कुणाकडे पाहायची गरज नव्हती. त्याच्या आधी तीन होते: बाबा, आई आणि तळ्यापलीकडची हिल्मा. हिल्मा गेली, मग आई गेली, आणि राहिला तो एक. माझ्या लहानपणी मात्र चित्र नेमकं उलटं होतं. खाण चालू होती, युनियन होती, आणि साल्मीतल्या प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर युनियनचं कॅलेंडर होतं. तेव्हा पट्टीवरचा "एक" ऑर्व्हिल प्रॅटचा असायचा. खिळे, दोऱ्या, कोंबड्यांचं खाद्य विकणारा शांत माणूस. तो हॉलमध्ये शिरला की पुरुष काही बोलायचे नाहीत, फक्त एक बोट वर करायचे. एवढंच. ते बोट कुणी त्याच्यावर रोखायचं नाही, कानाजवळ धरायचं, टोपी सावरतोय अशा बेताने. ऑर्व्हिल मान हलवायचा आणि कोपऱ्यात जाऊन बसायचा. बाबाही बोट वर करायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून माझंही इवलंसं बोट वर केलं होतं, आणि सगळं टेबल खदखदून हसलं होतं, हे मला आठवतं, कारण एवढ्या माणसांना मी हसवलं असं माझ्या आयुष्यात त्यानंतर फारसं घडलं नाही. पुढे लोकांनी त्याच्याकडून खिळेही घ्यायचे बंद केले. दुकान मोडून तो मुलीकडे आयोवाला गेला. मग खाण अर्धी झाली, मग एक पाळी, मग नुसतेच खड्डे, आणि त्यात पाणी साचून निळीशार तळी झाली. युनियनची कॅलेंडरं कुणी काढली नाहीत, ती आपोआप जुनी झाली. पट्टीवरचे आकडे एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत गेले. माणसं तीच होती, त्यांची तोंडं तीच, हातातल्या कॉफीत दूधही तेवढंच, आणि एके दिवशी बाबा हॉलमध्ये शिरले तेव्हा डेल्मरने कानाजवळ एक बोट वर केलं.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली आणि उत्तरेला निघाले. बाबांना कळवलं नाही. का कळवलं नाही हे मी रस्ताभर स्वतःला विचारत होते. मला त्यांना पकडायचं होतं का? खरं सांगायचं तर मला दुःख कमी आणि अपमान जास्त वाटत होता. गेल्या निवडणुकीपासून शहरात साल्मीचा विषय निघाला की मी एक वाक्य ठेवणीतलं काढत असे: आमच्या गावात एकच मत वेगळं पडतं आणि ते माझ्या बापाचं असतं. पार्ट्यांमध्ये ते चालायचं. लोकांच्या नजरेत एकदम खाणीतला, ताठ मानेचा, फिनिश हाडापेराचा म्हातारा उभा राहायचा आणि त्याच्या शेजारी मी. आता तो नव्हता. त्याने मला न सांगता जागा बदलली होती, वर मला फोनवर "दर वेळी देतो तेच" असं सांगितलं होतं. क्लोके गाव मागे पडल्यावर बर्चची झाडं दिसायला लागली, पानं झडलेली, पांढरी, आणि रस्त्याच्या कडेला केशरी जाकिटातली शिकारी माणसं गाड्यांच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होती. मला वाटलं, ते का बदलणार नाहीत? आई गेली त्या वर्षी चर्चच्या तळघरात बायकांनी मांडलेली कॉफी आणि पुल्ला नावाच्या फिनिश पावाची गोड वळी मला आठवली. टेबलं भरून मांडलं होतं, त्यात कसूर नव्हती. साल्मीत मेलेल्या माणसावर कुणी राग धरत नाही. पण बसायला फार थोडे थांबले. कपात कॉफी तशीच निवली, वळ्यांवर पांढरे रुमाल पुन्हा टाकले गेले. आईची त्याआधीची दोन वर्षं अशीच गेली होती. ती चर्चवाल्या फिनिश लोकांच्या घरातली, बाबा कामगार चळवळीच्या हॉलवाल्यांच्या घरातले; लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या रडल्या होत्या, पण पुढे तीच साऱ्या गावाची झाली होती. रजया शिवायला गुरुवारी बायका तिच्याकडे जमत. मग त्या गुरुवारच्या कोरीनकडे जमायला लागल्या. कुणी भांडलं नाही. तिला कुणी कळवलं नाही, एवढंच. आई खिडकीशी बसून तुकडे कापत राहायची आणि म्हणायची, "माणसं वाईट नाहीत, इर्मा. थोडा वेळ जाऊ दे." बाबा तिला वेडी म्हणायचे. रजई अर्धीच राहिली, ती मी शहरात आणली आणि कपाटात घातली.

घरी बाबा नव्हते. ट्रक अंगणात होता, त्याच्यावर चार दिवसांचं बर्फ तसंच होतं. दार नेहमीसारखं उघडं, चूल कोमट. मला क्षणभर पुन्हा तोच वेडा विचार आला. मग मी जोडीनच्या कॅफेकडे गेले, नुसतं विचारायला, कारण बाबा तिथे असणं शक्य नव्हतं. जोडीनकडे रोजच्या गिऱ्हाइकांचे कप भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असतात, प्रत्येकाचा आपापला. बाबांचा होता खाणीचा, हिरवट, कान फुटून पुन्हा चिकटवलेला. त्या बोटाच्या प्रकारानंतर त्यांनी जायचं सोडलं, आणि नंतर कधीतरी मी बघितलं तर त्या खिळ्यावर दुसऱ्याच कुणाचा कप होता. दार उघडलं तर समोर खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी बाबा बसले होते. डेल्मर शेजारी, आणखी तिघं समोर, मध्ये पायची रिकामी बशी, आणि बाबांच्या हातात तो हिरवट कप. ते हसत होते. तोंड थोडं बाजूला वळवून, छताच्या कोपऱ्याकडे बघत, खांदे हलवत. माझ्या बापाला मी असं हसताना आई जायच्या आधीपासून पाहिलं नव्हतं. मी दाराशीच उभी राहिले आणि मला त्यांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. डेल्मरने मला पाहिलं. तो उठला, माझ्याकडे आला आणि कोपराला धरून मला बाहेर घेऊन गेला, जणू काही मी तिथे एखादी वाईट बातमी घेऊन आले होते.

डेल्मर स्कॉग बाबांच्या खाणीतल्या पाळीतला. दोघांनी एकाच खड्ड्यात वीस-बावीस वर्षं काढली. गेल्या काही वर्षांत दोन घरांमधल्या पायवाटेवर गवत उगवलं होतं. तो बाहेर थंडीत उभा राहून टोपी कानांवर ओढत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, की मी काही बोलू नये. म्हणजे त्या विषयावर. "आकडा वाचला तेव्हा तो हॉलमध्ये नव्हता. बरंच झालं. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, त्याच्यासमोर कुणी अक्षर काढायचं नाही. ऐंशीच्या घरातला माणूस आपली वाट बदलतो, त्याला किती जड गेलं असेल. त्याचा तमाशा कशाला करायचा?" मी विचारलं, मग बोलावलं कुणी त्यांना? तो म्हणाला, "मी गेलो. दुसऱ्याच दिवशी. दारात उभा राहिलो आणि म्हटलं, चल, कॉफी. तो आला." त्याचे डोळे पाणावले होते, थंडीमुळे असेल. "चार वर्षं, पोरी. मला काय बरं वाटत होतं होय?" आता तोच रोज त्यांना न्यायला येतो, किराणा आणतो, पहिलं बर्फ पडलं तेव्हा अंगणातला रस्ताही त्यानेच मोकळा केला. मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला आणि धरून ठेवावासाही वाटला. हा चांगला माणूस होता. ही सगळी चांगली माणसं होती, आणि त्यांचा चांगुलपणा इतकी वर्षं खिळ्यावरून काढून ठेवलेला होता. मी म्हटलं, "नाही बोलणार." तो आईचं नाव घेऊन म्हणाला, "वायोलाला सांगायला हवं होतं हे," आणि आम्ही आत गेलो.

बाबांना मी आल्याचा आनंद झाला. न कळवता कशी आली, असं विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. घरी जाताना गाडीत ते सांगत होते, की कुणाचा गुडघा बदललाय, कोण फ्लोरिडाला चाललंय, जोडीनने ब्लूबेरीच्या पायमध्ये आता साखर कमी घालायला सुरुवात केलीय आणि त्यावर किती वाद झालाय. मी वाट बघत होते. आता सांगतील, मग सांगतील. एकदा नुसतं म्हणावं, की इर्मा, थकलो गं एकटा राहून, म्हणून दिलं त्यांना. मी काय केलं असतं? मी त्यांना जवळ घेतलं असतं. एवढं मोठं नव्हतं ते, एका म्हाताऱ्याचं एक मत, त्याच्याने राज्य इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. पण ते काही बोलले नाहीत आणि माझ्या मनातली अढी तशीच राहिली. घरात शिरताना त्यांनी चौकटीला हात लावला, मग खुंटीला, मग टेबलाच्या कडेला. मला वाटलं, वय झालं. मग त्यांनी माझ्यासाठी कपात दूध ओतलं, आणि ओतताना तर्जनी कपाच्या आत धरली. दूध बोटाला लागलं तेव्हा थांबले. बोट पँटला पुसलं आणि कप माझ्यापुढे न ठेवता माझ्या डावीकडे, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं त्या जागेपुढे ठेवला. मी तो ओढून घेतला. छताच्या कोपऱ्याकडे बघून हसणं, चार दिवसांचं बर्फ अंगावर घेऊन उभा असलेला ट्रक, सगळं एकामागून एक समोर येऊन बसलं, आणि इतके दिवस ज्या अपमानावर मी जगत होते तो कुठे गेला ते कळलं नाही.

शनिवार म्हणजे सौना, वाफेचं न्हाणं. आजोबांनी बांधलेली, तळ्याच्या काठची, काळीकुट्ट लाकडी खोली. लहानपणी आम्ही सगळे एकत्र बसायचो. आता बाबा आत बसतात आणि मी बाहेरच्या छोट्या खोलीत, जिथून चुलीत लाकडं घालायची असतात. मधलं दार बोटभर उघडं. आतला अंधार आणि वाफ, बाहेर चुलीचा लाल उजेड. या अंधारात ते अगदी सराईत होते. बादली, डाव, वरची फळी, कशालाही हात लावून बघावा लागत नव्हता. मी दाराकडे तोंड करून विचारलं, डोळे कधीपासून? पाण्याचा डाव तापलेल्या दगडांवर पडला, सूं आवाज झाला, आणि ते म्हणाले, "मधलंच जातं. कडेचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला चुलीकडे बघावं लागतं." उन्हाळ्यापासून असं आहे. डॉक्टर म्हणाला, परत यायचं नाही. डेल्मरला ठाऊक नाही, कुणालाच नाही, आणि मीही कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की ट्रक जाईल, मग घर जाईल, मग डुलुथच्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत खिडकीशी बसून ब्रेड खायचा. मी विचारलं, मग मत द्यायला कसे गेलात? गेलो, म्हणाले. दिवसाउजेडी, हळूहळू, रस्त्याकडेचा चर बघत. कोरीन कागद देताना म्हणाली होती, मदत करू का, एन्सिओ? त्यांनी नको म्हणून सांगितलं. आणि मग ते हसले, आत, वाफेत, एकटेच.

"अंगठ्यानं दिलं," बाबा म्हणाले. "माझ्या बापासारखं. जन्मभर त्याची टिंगल केली मी, आता वरून हसत असेल म्हातारा."

आजोबांना इंग्रजी वाचता यायचं नाही. तसं त्या काळात कुणालाच फारसं यायचं नाही, म्हणून फिनिश हॉलमधल्या शहाण्या लोकांनी एक युक्ती काढली होती. मतपत्रिकेवर जाड काळी रेघ असते, तिच्यावर अंगठ्याचं टोक टेकवायचं, अंगठा खाली झोपवायचा, आणि पहिलं पेर जिथे संपतं तिथे खूण करायची. दुसरी जागा. आपली माणसं दुसऱ्या जागेवर. आजोबा स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते आम्हाला करून दाखवायचे, आणि बाबा, ज्यांना वाचता येत होतं, शाळेत बक्षीस मिळालं होतं, ते म्हणायचे की बरं झालं तुमचा अंगठा खाणीत चेंगरून लांब झाला, नाहीतर तुम्ही मालकाला मत दिलं असतं. सगळे हसायचे. आजोबाही. चुलीत घालायला उचललेलं लाकूड माझ्या हातात तसंच राहिलं. कारण मला माझी मत द्यायची जागा आठवली, मिनियापोलिसच्या शाळेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागची, आणि माझं पेन दुसऱ्या गोलावर टेकता टेकता कसं थांबलं ते आठवलं. या वर्षी क्रम बदलला होता. मागच्या निवडणुकीत राज्यात कुणाला किती मतं पडली त्यावरून वरखाली होतो तो, आणि या वर्षी आमची माणसं पहिल्या जागेवर होती. मला वाचता येत होतं म्हणून मी हात वर नेला. बाबांनी काळ्या रेघेवर अंगठा टेकवला होता, तो सरळ खाली झोपवला होता, आणि पेर संपलं तिथे, दुसऱ्या जागेवर, नीट, न थरथरता, गोल काळा केला होता. आयुष्यभर चुकलं नाही ते, अगदी बापाच्या हातासारखं, त्यांनी केलं होतं.

त्यांनी आतून विचारलं, की मी गप्प का झाले. मी म्हटलं, लाकूड ओलं आहे. बाहेर तळं गोठायला लागलं होतं, त्याच्या कडेचा बर्फ कुरकुरत होता. सांगायला हवं होतं. त्यांचं मत त्यांचं होतं. दोन पिढ्या त्यासाठी मार खाल्लेला. आजोबांचं नाव खाणवाल्यांनी काळ्या यादीत टाकलं तेव्हा त्यांनी जंगलात लाकडं तोडून पोरं जगवली, पण अंगठा हलू दिला नाही. असल्या माणसाच्या हातून काय झालं ते त्याच्यापासून लपवणारी मी कोण? आणि सांगितलं तर? तर ते उद्या सकाळी उठतील, कोट चढवतील, डेल्मरची गाडी आली की तिच्यात बसतील आणि त्या टेबलाशी जाऊन सगळ्यांना सांगतील. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. डोळ्यांचं लपवतील, पण हे नाही. मग जोडीन काही बोलणार नाही, डेल्मर काही बोलणार नाही. परवा गाडी येणार नाही.

"इर्मा," बाबा म्हणाले. "शहरात तुम्हाला सगळं फोनवर दिसतं म्हणे. आपल्या गावात किती पडली?"

"तुम्ही विचारलं नाहीत कुणाला?"

"त्यांना कसं विचारू? ते एवढे प्रेमाने वागतायत. विचारलं तर डिवचल्यासारखं होईल." डाव बादलीवर आपटला. "आकडा सांग. एक तरी असेल. तो मी."

मी अर्धवट उघड्या दाराकडे बघत होते. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला त्यांचं दिसत नव्हतं, आणि त्यामुळे ते सोपं होईल असं मला वाटलं होतं. ते सोपं नव्हतं.

"एक," मी म्हणाले.

त्यांनी दगडांवर पाणी टाकलं. वाफ दारातून माझ्यापर्यंत आली, बर्चच्या पानांचा वास घेऊन. ते बोलायला लागले तेव्हा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, इतका मऊ होता. म्हणाले, की म्हणजे त्यांना माहीत आहे. कोरीनने वाचलं, सगळ्यांनी ऐकलं, एक म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तरी दुसऱ्या दिवशी डेल्मर दारात. तरी कप परत खिळ्यावर. "बोट दाखवत असतील अजून. मला काय दिसतंय? पण कॉफी गरम असते, इर्मा. आणि हसतात ते खरं हसतात, ते मला कानाने कळतं." मग म्हणाले, "आम्ही ऑर्व्हिलला कधी एक कप पाजला नाही. एक कप. हे आमच्यापेक्षा बरे निघाले." मी चुलीकडे बघत बसले. "तुझी आई सांगायची, वेळ जाऊ दे. मी तिला वेडी म्हणायचो. हे बघायला ती हवी होती."

ते रडत होते की घाम पुसत होते, मला कळलं नाही. मला एवढंच कळत होतं, की माझा बाप त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा माणसांविषयी काहीतरी चांगलं शिकला होता, आणि ते खरं नव्हतं. आता ते खोटं ठेवायला एका बाजूला सगळं गाव गप्प राहणार होतं आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि दोघांनाही एकमेकांचं कारण माहीत नसणार होतं. डेल्मरला वाटत राहील की एन्सिओ लाजतोय. एन्सिओला वाटत राहील की डेल्मर मोठ्या मनाचा आहे. खिडकीजवळच्या त्या टेबलाशी ते रोज शेजारी शेजारी बसतील आणि पायमधल्या साखरेवर भांडतील. आईला काय वाटलं असतं, याचा विचार मी करायला लागले आणि मध्येच सोडून दिला.

"पुढच्या वेळी," बाबा आतून म्हणाले, आता आवाज पुन्हा नेहमीचा, थोडा हुकमी, "तू तुझं नाव इकडे घाल. कवळ्या कुठेही करता येतात. हे घर तुझंच आहे. मत इथे दे."

"बरं."

"म्हणजे मग दोन होतील."

लाकूड अजून माझ्या हातात होतं. मी हिशेब करायचं टाळत होते, पण तो झालाच. ते पुन्हा अंगठा टेकवतील, पेर जिथे नेईल तिथे गोल काळा करतील. मी त्यांच्यानंतर जाईन, वाचून, आपल्या माणसांना देईन. संध्याकाळी कोरीन पट्टी वाचेल, आणि एक निघेल, आजचं खोटं त्या दिवशी खरं होईल. सगळा हॉल बाबांकडे बघेल, आणि बाबांना वाटेल की ते एक त्यांचं, चुकले असेन ती मीच. डेल्मरचं बोट कानाजवळ जाईल, टोपी सावरतोय अशा बेताने, आणि बाबा कडेच्या नजरेने त्या बाजूला बघून हसतील, कारण त्यांना आता त्या बोटाची भीती उरलेली नसेल. दुसऱ्या दिवशी ते कोट चढवून दाराशी गाडीची वाट बघत बसतील.

"ऐकलंस ना?" बाबा म्हणाले. "दोन."

"ऐकलं," मी म्हणाले, आणि लाकूड चुलीत घातलं.